शाळेच्या पडवीतून : बेडकाला आधी कुठले पाय फुटतात?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची आहेत. प्राथमिक शाळेत टॅब्लेट, कॅमेरा, कोडिंग (म्हणजे यंत्राला क्रमाने सूचना देणं) असलं काही आणायचं तर कसं आणि कशासाठी? म्हणून या वेळचं सदर त्यालाच देते. पत्रं लांब होती, मी गाभा तेवढा ठेवला आहे. मी एकतीस वर्षं गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावरही दर गुरुवारी एका शाळेत जाते. पुढे जे लिहिते आहे ते बहुतेक त्या वर्गांतलंच आहे.

बाई, नमस्कार. माझी शाळा एकशिक्षकी. पहिली ते चौथी मिळून चौदा मुलं, एक खोली आणि एक व्हरांडा. गेल्या वर्षी एका दात्याने एक टॅब्लेट दिला. नेट कधी असतं, कधी नसतं. मुलं त्यावर गोष्टींचे व्हिडिओ बघतात, तेवढ्या वेळात मी चौथीचं गणित घेते. पण मनाला पटत नाही. एका टॅब्लेटवर चौदा मुलांनी करायचं तरी काय?
— एक शिक्षिका, सत्तरी

व्हिडिओ लावून देऊन दुसऱ्या वर्गाचं गणित मीही घेतलं आहे. चार वर्ग एकटीने ओढताना असं होतं, त्याचं मनाला लावून घेऊ नका. पण तुम्हाला जे पटत नाही, ते न पटणंच बरोबर आहे. तो टॅब्लेट उलटा करून बघा. त्याच्या पाठीला कॅमेरा आहे. पडद्यासमोर चौदा मुलं नुसती बसतात, कॅमेऱ्यासाठी मात्र चौदाच्या चौदा कामाला लागतात.

एका जुलैत मी मुलांकडून बेडकाची जन्मकथा हलत्या चित्रांत करून घेतली. रीत सोपी आहे. कागदाची चित्रं कापायची, मांडायची, एक फोटो काढायचा. चित्र जरासं सरकवायचं, पुन्हा फोटो. हे फोटो एकामागून एक भराभर दाखवले की चित्र चालू लागतं. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं असतात, मुलांच्या कामाला सहासुद्धा पुरतात. म्हणजे दहा सेकंदांच्या गोष्टीला साठ फोटो. यासाठी ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ नावाचं ॲप मिळतं. त्याची साधी आवृत्ती फुकट आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की नेटची गरज पडत नाही. आधीच्या फोटोची पुसट सावली पडद्यावर दिसत राहते, त्यामुळे चित्र किती सरकवलं ते मुलांना आपोआप कळतं.

दोन बाकं जवळ आणली, मध्ये वीतभर फट ठेवली आणि टॅब्लेट त्या फटीवर आडवा ठेवला, कॅमेरा खाली आणि पडदा वर. तो हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना विटा लावल्या. खाली जमिनीवर निळा कार्डपेपर, ते आमचं तळं. पहिलीची मुलं चित्रं सरकवायची. दुसरीची प्रत्येक फोटोला पाटीवर एक रेघ ओढायची, पाच रेघा झाल्या की जुडगा. तिसरीची बटण दाबायची आणि त्याआधी ‘हात काढा!’ म्हणून ओरडायची. चौथीच्या मुलींनी गोष्ट लिहिली, वाचली आणि आवाज दिला. पहिला प्रयत्न फुकट गेला, कारण खिडकीबाहेर ढग येत-जात होते, उजेड कमी-जास्त होत होता आणि सगळं चित्र लुकलुकत होतं. दुसऱ्या दिवशी खिडकी लावून घेतली आणि एका बल्बच्या उजेडात काम केलं. आपल्याकडच्या पावसात हे आधीच ध्यानात ठेवा.

एकविसाव्या फोटोला काम अडलं. शेपटीवाल्या पिल्लाला पाय लावायचे होते. आधी पुढचे लावायचे की मागचे? पुस्तकातलं चित्र आम्ही सगळ्यांनी कितीदा तरी बघितलेलं, पण ठामपणे कुणालाच सांगता येईना. मलाही येईना. निम्मी मुलं म्हणाली पुढचे, कारण रांगणारं बाळ आधी हात टेकतं. हा विचार चांगला होता, म्हणून मी तो खोडला नाही. दुसऱ्या दिवशी लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेऊन आम्ही शाळेमागच्या शेताच्या बांधावर गेलो. बरणीत पाणी आणि पाण्याबरोबर चार-पाच पिल्लं आली. एकाला नुसती शेपटी. एकाला शेपटी आणि तिच्या बुडाशी दोन बारीक पाय, काडेपेटीतल्या काडीच्या निम्म्या जाडीचे. एकाला चारही पाय आणि शेपटी अर्धी झालेली. तिसरीतला एक मुलगा, जो वर्गात सहसा तोंड उघडत नसे, बरणीला नाक लावून बसला होता. तोच कोकणीत ओरडला, “बाई, फाटले पांय आदीं!” म्हणजे मागचे पाय आधी. पाणी आणि पिल्लं जिथली तिथे परत सोडली. वर्गात आल्यावर मुलांनी कागदाच्या पिल्लाला आधी मागचे पाय चिकटवले.

त्या आधी मी तो धडा बावीस-तेवीस वेळा शिकवला असेन. पाय कुठले आधी, हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, कारण तो विचारायची पाळीच कुणावर आली नव्हती. फोटो काढायचा तर पाय कुठेतरी लावावाच लागतो. व्हिडिओ लावला असता तर पाय आपोआप फुटले असते आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. वर्गात यंत्र आणायचं ते एवढ्यासाठी, मुलाला निर्णय घ्यावा लागावा म्हणून.

साठ फोटोंचं काम जड वाटत असेल तर बियाण्यापासून सुरुवात करा. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी कुंडीतल्या वाटाण्यावर कॅमेरा रोखून रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि ‘अंकुराची वाढ’ हा छोटासा चित्रपट तयार केला. मुलांना ही गोष्ट फार आवडते. तुम्ही करवंटीत चवळी पेरा. टॅब्लेट ठेवायच्या जागेवर खडूने चौकोन आखा आणि रोज प्रार्थनेनंतर एक फोटो काढा. रोजचा वेळ दोन मिनिटं. वीस दिवसांनी सगळे फोटो जोडा. चवळी खालून डोकं वर काढताना बघून माझ्या वर्गातली मुलं उभी राहिली होती.

बाई, माझी मुलगी दुसरीत आहे. घरी आम्ही मोबाइल मोजून-मापून देतो, त्यावरून रोज रडारड होते. आता शाळाच म्हणते की टॅब्लेटवर शिकवणार. घरी नको आणि शाळेत हवं, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?
— एक आई, म्हापसा

तुमची काळजी रास्त आहे आणि शाळेने तिचं उत्तर द्यायला हवं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत २ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १ तासाच्या आत आणि ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी २ तासांच्या आत अशी पडद्याची मर्यादा सांगितली आहे. शाळेतला वेळ आणि घरचा वेळ एकत्र धरूनच हिशेब करा, कारण डोळे तेच आहेत.

शाळेत जाऊन विचारा की टॅब्लेट हातात असताना मूल काय करणार आहे. ‘अभ्यासाचे व्हिडिओ बघणार’ असं उत्तर आलं, तर तुमची हरकत स्पष्ट शब्दांत नोंदवा. ‘आवाज रेकॉर्ड करणार, फोटो काढणार, गोष्ट तयार करणार’ असं आलं, तर आठवड्यातून किती वेळ आणि किती मुलांत एक टॅब्लेट ते विचारा. तिघांत एक असेल तर उत्तम. तिघं असली की बोलणं होतं, भांडण होतं, पुन्हा समेट होतो, आणि पडद्यापेक्षा एकमेकांच्या तोंडाकडे जास्त बघितलं जातं. मुलांचे फोटो आणि आवाज कुठे साठवतात, कोण बघतं, हेही विचाराच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. त्यामुळे हा प्रश्न विचारणारी आई किरकिरी ठरत नाही.

मुलीला काय सांगायचं? ‘बघायला नाही, करायला मिळेल’ एवढंच. घरीही तोच नियम लावून बघा. तिला म्हणा, आजीला पातोळ्या करताना विचार आणि रेकॉर्ड कर, आणि हळदीचं पान कसं दुमडतात त्याचे पाच फोटो काढ. पाच म्हणजे पाचच. कुठले पाच ठेवायचे ते ठरवताना तिचा अर्धा तास जाईल, आणि त्यातला बराच वेळ ती आजीकडे बघत असेल.

तंत्रज्ञान म्हटलं की पडदाच असं मात्र धरू नका. दिवाळीच्या सुमाराला आम्ही कागदावर वीज खेळवतो. जाड कागद, स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल कापून केलेल्या पट्ट्या, एक एलईडी आणि पेनासारखे दिसणारे दोन सेल. प्रत्येक सेल दीड व्होल्टचा, दोन मिळून तीन. एलईडीचा लांब पाय सेलच्या अधिक बाजूकडे जायला हवा. उलटा लावला तर दिवा लागत नाही, आणि नेमकं तेच मुलांना दोन-तीनदा होऊ द्यावं. पांढरा किंवा निळा एलईडी तीन व्होल्टवर नीट चालतो. लाल घेतला तर सोबत शंभर ओमचा रेझिस्टर (वीज थोडी अडवणारा छोटा तुकडा) जोडा, नाहीतर जळून जाईल. पुठ्ठ्याच्या आकाशकंदिलात आपण लावलेला दिवा पेटतो तेव्हा दुसरीतलं मूल कसं हसतं, ते तुम्ही एकदा शाळेत येऊन बघाच.

एक गोष्ट कळकळीने सांगते. बटणासारखे चपटे सेल लहान मुलांच्या वर्गात आणि घरातही उघडे ठेवू नका. अन्ननलिकेत अडकलेला असा सेल दोन तासांतसुद्धा आत गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो. कुणी गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट इस्पितळ गाठा. काही दुकानांत ‘मुलांचा विज्ञान संच’ म्हणून हेच सेल देतात, म्हणून हे इथे लिहिलं.

मान्यवर बाई, आमच्या अनुदानित शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी प्राथमिक विभागासाठी दीड लाख रुपये जमवले आहेत. बहुतेकांचं मत ६५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटाने चालणारा डिजिटल फळा, घ्यावं असं आहे. वर्गात चाळीस मुलं आहेत. तुमचा सल्ला?
— एक मुख्याध्यापक, फोंडा

सर, एक हिशेब करा. पस्तीस मिनिटांची तासिका म्हणजे २१०० सेकंद. चाळीस मुलांनी पाळीपाळीने पॅनेलला हात लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला बावन्न सेकंद येतात, तेही बाई मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत तर. उरलेली चौतीस मिनिटं मूल दुसऱ्याकडे बघत बसणार. फळा मोठा झाला, चकचकीत झाला, पण मुलाची जागा होती तिथेच राहिली.

एका शाळेत मी हे जवळून बघितलं आहे. पॅनेल आलं, नारळ फुटला, फोटो छापून आले. जूनमध्ये भिंतीला ओल आली म्हणून त्यावर मेणकापड चढलं. ऑक्टोबरच्या गडगडाटात एका दुपारी ते बंद पडलं आणि दुरुस्तीला माणूस यायला चार महिने लागले. ते चार महिने त्या भिंतीला खडूचा फळाही नव्हता, कारण पॅनेलसाठी तो काढून टाकला होता. तुम्ही पॅनेल घेतलंच, तर निदान फळा काढू नका.

माझं मत विचाराल तर सहा-सात साधे टॅब्लेट घ्या, मजबूत आवरणासकट. एक छोटा प्रोजेक्टर आणि एक बरा स्पीकर घ्या, म्हणजे मुलांनी केलेलं काम सगळ्या शाळेला आणि पालकांना दाखवता येईल. कात्र्या, पुठ्ठे, तारा, एलईडी, चुंबकं, छोट्या मोटारी यांच्या दोन पेट्या करा. त्या पेट्यांचं काय करायचं ते अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर भरभरून आहे. टाकाऊतून खेळणी करून विज्ञान शिकवण्यात त्यांनी आयुष्य घातलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या संग्रहात मराठी पुस्तकंही भरपूर आहेत, सगळी फुकट. आणि हे जरूर करा, तिसरा हिस्सा रक्कम खर्चच करू नका. पहिल्या पावसानंतर ती लागेल. टॅब्लेट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. ढग दाटून आले की, वीज कडाडू लागायच्या आधीच, भिंतीतले सगळे प्लग काढायची जबाबदारी चौथीच्या दोन मुलांना वाटून द्या. ती विसरत नाहीत, आपण विसरतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही कोडिंगविषयीही विचारलं आहे. राज्य सरकारची कोडिंग आणि रोबोटिक्सची केअर्स योजना सहावी ते आठवीसाठी आहे. तिसरीच्या मुलाला तेच सगळं आधी उरकून देण्याची घाई नको. या वयात कोडिंग कसं असावं, ते पुढच्या पत्राच्या उत्तरात आहे.

बाई, मी चोपन्न वर्षांची. मोबाइलवर फोन करणं आणि व्हॉट्सॲप, एवढंच मला येतं. आता पहिली-दुसरीला कोडिंगची ओळख करून द्या म्हणतात. मुलांना माझ्यापेक्षा जास्त येतं. वर्गात उभं राहायलाही संकोच वाटू लागला आहे.
— एक शिक्षिका, पेडणे

तुम्हाला लंगडी येते ना? मग सुरुवात तिथूनच करा. अंगणात खडूने पाच बाय पाच चौकोन आखा. एका मुलाला एका कोपऱ्यात उभं करा, समोरच्या कोपऱ्यात नारळ ठेवा. दुसऱ्याने नुसत्या सूचना द्यायच्या: दोन घरं पुढे, उजवीकडे वळ, एक घर पुढे. पहिल्याने सांगितलं तेवढंच करायचं, मनचं काही नाही. मध्ये दोन चपला ठेवल्या की अडथळे झाले. चुकलं तर सूचना कुठे फसली ते दोघांनी मिळून शोधायचं. गणितज्ञ सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा तयार केली, तिच्यातल्या कासवाला मुलं अशाच सूचना द्यायची. तुमच्या अंगणात कासवाच्या जागी शेजारचा मुलगा उभा आहे, इतकंच.

आठवडाभर हा खेळ झाला की टॅब्लेटवर ‘स्क्रॅच ज्युनिअर’ हे ॲप उघडा. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी ते केलं आहे आणि फुकट आहे. त्यातल्या सूचनांच्या ठोकळ्यांवर शब्द नाहीत, बाण आणि चित्रं आहेत. त्यामुळे घरी कोकणी, शाळेत मराठी, मोबाइलवर इंग्रजी हा गुंता तिथे आड येत नाही. हिरवा झेंडा दाबला की मांजर चालू लागतं. मुलाला आपलाच आवाज त्यात भरता येतो. एका गोष्टीला जास्तीत जास्त चार पानं. एवढी चौकट मला फार आवडते, कारण चार पानांत मुलाला गोष्ट संपवावी लागते.

आणि मुलांना जास्त येतं हे खरं असेल तर वर्गात तसं म्हणा. ‘हे मला येत नाही, तू दाखव’ हे वाक्य मी एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा चौथीतल्या एका मुलीला म्हटलं. तिने पाटीवर बाण काढून मला समजावलं, आणि त्या दिवसापासून ती मुलगी रोज वेळेवर शाळेत येऊ लागली. बोटं भराभर चालवायला मुलांना येतं. गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट हवा, हे त्यांना अजून तुमच्याकडूनच शिकायचं आहे.

बाई, चित्रकलेच्या तासाला मुलं म्हणतात, एआयला सांगितलं की चित्र मिळतं, मग आपण का काढायचं? मी निरुत्तर झालो.
— एक शिक्षक, डिचोली

त्यांना एकदा दाखवाच, पण ते साधन मुलांच्या हाती न देता तुमच्या स्वतःच्या फोनवर चालवा. मी गणेश चवथीच्या सुट्टीआधीच्या गुरुवारी हेच केलं. मुलांनी सांगितलं तसं लिहिलं, ‘गोव्यातल्या घरातला गणपती आणि माटोळी’. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली, रानातल्या फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट. चित्र देखणं आलं. मी ते भिंतीवर मोठं करून दाखवलं आणि म्हटलं, आता यात काय चुकलंय ते सांगा. क्षणभर शांतता होती, मग सगळ्यांचे हात वर. गणपतीच्या डोक्यावर माटोळीच नाही, झेंडूच्या माळा आहेत. आंबाडे नाहीत. तोरिंजन नाही. सुपारीचे घड नाहीत. एक मुलगी म्हणाली, हे घर आमचं नव्हे, इथे कुणी रानात गेलेलंच नाही. माटोळीसाठी तिचे बाबा आणि काका पहाटे रानात जातात, ते तिला त्या चित्रात कुठेच दिसेना.

मग मी कागद वाटले आणि प्रत्येकाने आपल्या घरची माटोळी काढली. ज्यांना नावं आठवेनात त्यांनी घरी जाऊन विचारली. सुट्टीनंतर चारजणांनी आजीचे आवाज रेकॉर्ड करून आणले: हे काय, कुठल्या झाडाचं, कुठे मिळतं. चित्रातल्या एकेका फळाला आम्ही एकेक आवाज जोडला. कवंडळ माटोळीत मधोमध टांगायचं की कडेला, यावरून दोन वाड्यांतल्या मुलांत वाद पेटला. दोघांच्याही आजीचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं तरी तो मिटेना. पुढच्या गुरुवारी त्यांतली एक आजी स्वतःच काठी टेकत शाळेत आली आणि फळ्यासमोर उभी राहिली.